ओबडाया क्रंपला बसवायचं कुठे?

तमाम मराठी वाचकांना, आणि त्यातही बहारीनच्या तुबली भागातल्या एखाद्या गॅरेजमध्ये गाडी टाकून फाटक्या सोफ्यावर ताटकळलेल्या वाचकांना, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेत, सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, बहुमत नेमकं कोणाचं होतं याचा निकाल अजून लागलेला नाही. कृपया घाबरून जाऊ नये. जनजीवन सुरळीत आहे. या प्रकरणाने साऱ्या जगात एकाच माणसाची झोप उडाली होती, आणि तो माणूस तिथेच तुबलीत गाड्यांचे स्पेअर पार्ट देत काउंटरवर उभा होता.

मुकादमचाचा मूळचे दाभोळच्या खाडीकडचे. आम्ही मराठी मंडळी त्यांना पाठीमागे ‘सभापती’ म्हणायचो, आणि पुढे पुढे तोंडावरही. त्यांची माझी पहिली भेट झाली ती जुलैमध्ये, माझ्या गाडीचा एसी कायमचा झोपला तेव्हा. मी घामाने निथळत काउंटरवर गेलो आणि कॉम्प्रेसर मागितला. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मराठी काय? बरं झालं. बसा. व्हिग म्हणजे कोण, ठाऊक हाय?”

मला वाटलं, हा कॉम्प्रेसरचा एखादा मेक असावा. म्हटलं, “ओरिजिनल असेल तर द्या.”

“पार्टी हाय ती!” चाचा म्हणाले. “अमेरिकेची. बुडाली. आता तिचा एक मेंबर शोधून मिळायचा नाय.” हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मी नकळत उभा राहून दुखवट्याचा चेहरा केला. कॉम्प्रेसर चार दिवसांनी मिळाला. व्हिग पक्ष मात्र त्याच दुपारी माझ्या मानगुटीवर बसला आणि पुढची अकरा वर्षं उतरला नाही. मी हातपाय झाडून पाहिले. उपयोग नसतो. काही माणसांपुढे आपलं काही चालत नाही.

हे खूळ आलं कुठून, तर एका खोक्यातून. फार वर्षांमागे गॅरेजने अमेरिकेहून जुने गिअरबॉक्स मागवले होते. ते हलू नयेत म्हणून पाठवणाऱ्याने फटींत रद्दी कोंबली होती, आणि त्या रद्दीत एक जुनं पुस्तक होतं. त्या राज्याच्या विधानसभेच्या एका अधिवेशनाची छापील यादी. मेंबरचं नाव, त्याची कौंटी म्हणजे तिकडचा जिल्हा, वय, धंदा, राजधानीत तो कुठल्या खाणावळीत उतरला होता ते, आणि शेवटच्या रकान्यात पक्ष. दुपारी गॅरेज बंद असे, बाहेर ऊन भाजून काढत असे, वाचायला दुसरं काही नव्हतं. चाचांनी यादी उघडली. सगळे रकाने लख्ख होते. फक्त शेवटचा, पक्षाचा रकाना वरपासून खालपर्यंत गिअर ऑइलने काळा झाला होता.

दुसरा कोणी असता तर हात पुसून मोकळा झाला असता. चाचांचा जन्म गेला होता स्टोअरमध्ये. नंबर नसलेला पार्ट त्यांना रॅकवर बघवत नसे. “मेंबर हाय आणि पार्टी नाय, म्हणजे काय?” ते मला म्हणाले होते. “बोल्ट हाय आणि साइज नाय. ठेवायचा कुठं?”

ठेवायची जागाही त्यांनी केली. स्टोअरच्या आतल्या खोलीत पत्र्याच्या खणांचे दोन रॅक समोरासमोर होते. त्यात एका जुन्या मॉडेलचे पार्ट असत आणि ते मॉडेल बहारीनच्या रस्त्यांवरून केव्हाच नाहीसं झालं होतं. चाचांनी खण रिकामे करून प्रत्येक मेंबरचं एक कार्ड केलं. डाव्या रॅकवर डेमोक्रॅट, उजव्या रॅकवर व्हिग, आणि मधल्या वाटेत प्लॅस्टिकच्या स्टुलावर स्वतः चाचा, हातात चहा. गिऱ्हाईक आलं की सभा तहकूब.

मेंबरांचे पक्ष शोधण्याची त्यांची पद्धत एकच होती, तीच, जी त्यांनी जन्मभर पार्ट मागवायला वापरली. त्या त्या कौंटीच्या ग्रंथालयाला पत्र. मजकूर पार्टच्या चौकशीचाच. रिस्पेक्टेड मॅडम, खालील आयटमची पार्टी कन्फर्म करावी. आयटमचं नाव अमुक. क्वांटिटी एक. आणि गंमत म्हणजे उत्तरं येत! कुठल्या कुठल्या गावच्या बायका जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स काढून तुबलीला पाठवत. एकीने तर नाताळाचं कार्ड पाठवलं आणि विचारलं, तुमच्या गॅरेजला आमच्या खापरपणजोबांच्या आमदारकीत एवढा रस का? चाचांनी उलट टपाली कळवलं, “रॅक कम्प्लीट करायचा आहे.”

अंदाज त्यांना चालत नसे. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, “चाचा, हा मेंबर त्या खाणावळीत उतरलाय, तिथले बाकीचे सगळे व्हिग आहेत. म्हणजे हाही व्हिगच.”

चाचांनी कप खाली ठेवला. “देशपांडे, मी मुहर्रकला एकवीस वर्षं केरळच्या फोरमनबरोबर एका खोलीत राहतोय. मला मल्याळम येतं?”

“नाही.”

“मग?”

या कडकपणामागे एक जखम होती. स्पेअर पार्टच्या धंद्यात एक नंबर बंद होतो आणि त्याच पार्टला कंपनी नवा नंबर देते. जुना खोडायचा, नवा लिहायचा, पार्ट तोच. यादीतला एक मेंबर चाचांना पुढच्या एका अधिवेशनातही सापडला. तेच नाव, तीच कौंटी, पण पक्ष बदललेला. चाचांनी सवयीने जुना खोडून नवा लिहिला, आणि त्या माणसाला गद्दार ठरवलं. रोज सकाळी स्टोअर उघडलं की पहिली शिवी त्याला. असं कितीतरी वर्षं चाललं. मग एका बाईंच्या पत्रातून कळलं की ते बाप आणि मुलगा होते. बाप मरेपर्यंत व्हिग राहिला होता. चाचांनी नवं कार्ड केलं, बापाला उजवीकडे परत बसवलं आणि मला म्हणाले, “रोज शिव्या दिल्या वो मी त्या गरिबाला. दुआ मागितली त्याच्या नावानं. पोचते की नाय कुणास ठाऊक. ख्रिश्चन माणूस.”

सभापतींनी स्वतः कधी मतदान केलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. मी विचारलं तेव्हा ते हसले. “इलेक्शन आलं की मी इथं. सुट्टी मिळाली की इलेक्शन खलास. गावच्या यादीत नाव हाय ना माझं. आता कोणी त्या यादीवर ऑइल सांडलं नाय म्हंजे मिळवली.”

असे एकेक करत सगळे मेंबर बसले. उरला एक. ओबडाया क्रंप. वय एक्केचाळीस, धंदा पिठाची गिरणी, पक्ष काळा डाग. आणि नशिबाचा खेळ बघा, त्याला सोडून दोन्ही रॅक मोजले तर डावे आणि उजवे समसमान! क्रंप ज्या बाजूला बसेल तिचं बहुमत, तिचा सभापती, तिचं सगळं. चाचांनी त्याचं कार्ड दोन्ही रॅकांच्या मध्ये खिळ्याला टांगलं होतं. पंखा सुरू झाला की क्रंप डावीकडे झुलायचा, मग उजवीकडे. “बघा,” चाचा म्हणायचे, “अजून ठरत नाय त्याचं.” पण ते हसत नसत. त्यांना मनातून क्रंप व्हिग हवा होता. बुडालेल्या पक्षाला निदान एकदा तरी बहुमत मिळावं, एवढीच इच्छा. पण इच्छेवर पार्ट देता येत नाही.

क्रंपच्या कौंटीला चाचा दर वर्षी पत्र पाठवत आणि दर वर्षी तिथून उत्तर येई, अजून शोधतो आहोत. मग चाचांना काचबिंदू झाला. सलमानियाच्या सरकारी इस्पितळात खेपा सुरू झाल्या, थेंब सुरू झाले, अक्षरं पुसट झाली. पत्रांच्या जागी ईमेल आले आणि ते लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. “क्वांटिटी एक लिहायला विसरू नका,” ते बजावत.

आणि यंदा गॅरेज बंद झालं. म्हाताऱ्या मालकाच्या मागे मुलांना तिथे गाड्या धुण्याचं झकपक केंद्र काढायचं होतं. स्टोअर नको, स्टोअरकीपर नको, व्हिसा पुढे वाढणार नाही. मी धाकट्या मालकाला भेटायला गेलो. त्याने मला खजूर दिला, कहवा दिला, माझ्या मुलीची चौकशी केली, आणि चाचांना आणखी सहा महिने ठेवून घ्या म्हटल्यावर अतिशय प्रेमाने “इंशाल्ला” म्हणाला. त्या शब्दाचे इथे दोन अर्थ होतात, ‘नक्की होईल’ आणि ‘विसरून जा’, आणि त्यातला मला कुठला मिळाला हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मग मी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, “करायला हवं काहीतरी.” एवढं बोलून आम्ही दोघांनी बराच वेळ काही केलं नाही.

रॅक भंगारात गेले. चाचांनी डेमोक्रॅट एका रबरबँडमध्ये बांधले, व्हिग दुसऱ्यात, आणि क्रंपला सदऱ्याच्या खिशात ठेवलं. चौतीस वर्षांच्या नोकरीतून त्यांनी बरोबर घेतलेली वस्तू म्हणजे ही विधानसभा. “गावाला एक कपाट हाय,” ते म्हणाले. “बसतील सगळे. क्रंपचं तेवढं कळलं पायजे, देशपांडे. उभा ठेवून मेलो तर बरं नाय दिसणार.”

त्यांच्या विमानाच्या दिवशी दुपारी क्रंपच्या कौंटीहून ईमेल आला. मी तो ऑफिसात उभ्याने वाचला. बाईंनी लिहिलं होतं की अखेर त्यांनी तळ गाठला आहे. जुन्या जिल्हा कचेरीला आग लागली होती. निवडणुकीचे कागद, गावच्या वर्तमानपत्राच्या फायली, सगळं त्यात गेलं. प्रत कुठेही नाही. श्री. क्रंप यांचा पक्ष कोणालाही, कधीही कळू शकणार नाही. खाली एक ओळ होती. हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचत नाही, तुम्ही सांगाल का?

मी बहारीनमधल्या मोठमोठ्या इमारतींत आग लागू नये म्हणून पगार घेतो. अलार्म, पाण्याच्या नळ्या, धुराचे सेन्सर तपासतो. त्या दुपारी मी खुर्चीत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की जी एकच आग मला विझवायची होती, तिची राखसुद्धा आता उरलेली नाही.

आम्ही अरादला राहतो, विमानतळ दहा मिनिटांवर. संध्याकाळी चाचांना घेऊन निघालो. माझी बायको मागे बसली होती. तिला मी ईमेलचं सांगितलं होतं आणि ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

“उत्तर आलं काय?” चाचांनी विचारलं.

“नाही अजून,” मी म्हणालो. आरशातली नजर खिडकीबाहेर गेली.

“येईल. बाई चांगली हाय. उत्तर आलं की फोन करा. अर्ध्या रात्री पण चालेल.” मग त्यांनी खिशावरून हात फिरवला. “तुमी दोघं दाभोळला या. मासे खात नाय ना तुमी? मग कशाला येताय.”

बायको हसली, आणि पदर डोळ्याला लावून बराच वेळ तसाच धरून बसली.

आत जायच्या दारापाशी चाचांनी मला मिठी मारली. पाठीवर दोन थापा मारल्या. बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. बोर्डिंग पास डोळ्यांजवळ नेऊन बघितला, त्यांना तो दिसला नसावा, आणि ते रांगेत शिरले. “सांग ना रे,” बायको म्हणाली. मग लगेच, “नको, नको सांगू.” मी दोन्ही ऐकलं. रांग पुढे सरकत होती. दाराशी पोचल्यावर चाचा वळले. त्यांना मी कुठे उभा आहे हे नीट दिसत नव्हतं, ते भलत्याच खांबाकडे बघून हात हलवत होते, आणि त्यांचा दुसरा हात खिशावर होता.

त्या खांबाकडे बघून हललेला हात मला सोसला नाही. कधी नव्हे ते माझं तोंड माझ्याआधी सुटलं. मी ओरडलो, “चाचा! व्हिग! क्रंप व्हिग होता!”

सगळी रांग वळली. एक पोलीस दोन पावलं पुढे आला. चाचा जागीच थांबले. मागच्या माणसाची बॅग त्यांच्या पायाला लागली, तरी हलले नाहीत. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, जिंकलो, आता हे खोटं मी जन्मभर सांभाळीन. मग त्यांच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली. त्यांनी कानामागे हात धरला आणि साऱ्या विमानतळाला ऐकू जाईल अशा काउंटरवरच्या आवाजात विचारलं, “कागद कुठाय?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “जळला हो चाचा, सगळा कागद जळला!”