पहिल्या बेसवरचं नाव

ऑक्टोबर १९९४, पहिला शुक्रवार, सकाळी साडेसहा. जागा: शारजा औद्योगिक क्षेत्र, आमच्या वर्कशॉपच्या मागची वाळू. हजर: पिचर (वेल्डर), कॅचर (क्रेनला माल बांधणारा रिगर), तीन बेसवरचे तिघे (दोन फिटर, एक पेंटर), दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप (स्टोअरमधला), बाहेरच्या बाजूचे तिघे (हेल्पर), राखीव दोन. शिवाय फोरमन आणि यादी लिहिणारी मी. एकूण तेरा. गैरहजर कोणी नाही.

हे शेवटचं वाक्य त्या वहीत पुन्हा कधी आलं नाही.

मी वर्कशॉपच्या ऑफिसात टाइमकीपर होते. कामगारांची हजेरी, ओव्हरटाइम, रजा आणि पासपोर्टचं रजिस्टर माझ्याकडे. बेसबॉल आमच्याकडे चुकून आला. काम तपासायला आलेला एक परदेशी इंजिनियर जाताना कॅनव्हासची एक थैली स्टोअरमध्ये टाकून गेला. आत नऊ ग्लोव्ह, तीन बॅटी, दहा-बारा चेंडू आणि कॅचरचा जाळीचा मास्क. पोरं सगळी क्रिकेटवाली, बहुतेक सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची. पण क्रिकेटला मोठं मैदान लागायचं आणि ती सगळी मोठ्या कंपन्यांनी धरलेली. मी पुण्याला शाळेत चार वर्षं सॉफ्टबॉल खेळले होते, नियम मला येत होते. म्हणून दर शुक्रवारी सकाळी नवरा मला अजमानहून गाडीने आणून सोडायचा आणि मी तेरा जणांच्या वहीची मालकीण झाले. मुलगी म्हणायची, "आई, यू आर नॉट इव्हन प्लेइंग." बरोबर होतं तिचं.

नियम मी एकदाच समजावले. बॅटवाला जिथे उभा राहतो ते होम. तिथून सुटायचं, पहिला, दुसरा, तिसरा बेस करत परत होमला पोचायचं, की एक रन. पिचर म्हणाला, "म्हणजे घर सोडूचा, नि फिरान घराक येवचा? ह्या तर आमका येताच."

तेव्हापासून आमच्यात बेसना आकडे राहिले नाहीत. पहिला बेस शारजा, दुसरा दुबई, तिसरा सहार म्हणजे मुंबईचा विमानतळ, मग घर. "शारजाला आउट झालो." "दुबईला अडकलाय, हलत नाही." शेजारच्या गल्लीतल्या फिलिपिनो गॅरेजवाल्यांची टीम आमच्याशी खेळायची, त्यांना हे कधी कळलं नाही. पहिल्या सीझनला अकरा सामन्यांत आमची माणसं घरी कमी पोचली.

पिचर म्हणजे आपल्याकडचा बोलर, कॅचर म्हणजे विकेटकीपर. बॅटवाल्यामागे उकिडवा बसतो, तोंडावर जाळी. आमचा कॅचर तिशीच्या आतला, बुटका, बोलायला कमी. खेळाआधी मी हजेरी घ्यायची. नाव घेतलं की माणूस "हजर" म्हणतो, त्याला एक ठेका असतो. वीस वर्षं हजेरी घेणाऱ्याला तो ऐकू येतो. कॅचर दर वेळी अर्ध्या ठेक्याने उशिरा यायचा. तिसऱ्या शुक्रवारी मी त्याला बाजूला घेतलं.

"ऐकू कमी येतं का तुला? तसं असलं तर क्रेनखाली उभं राहू नको. मी लिहून देते."

"ऐकाक येता, ताई." मग बराच वेळ मास्कची पट्टी ओढत राहिला. "त्या नावाची कानाक सवय नाय अजून. तां नाव माज्या भावाचां."

व्हिसा भावाचा आला होता. निघायच्या आधी भाऊ काजूच्या झाडावरून पडला, मांडी मोडली. एजंट म्हणाला, व्हिसा वाया जाईल. पासपोर्टवरचा फोटो बदलला गेला आणि हा भावाच्या नावाने विमानात बसला. भाऊ गावी राहिला. याचं खरं नाव इथे कुणालाच माहीत नव्हतं. मला त्याने ते सांगितलं, एकदाच, आणि म्हणाला, "रजिस्टरात घालू नका."

मी घातलं नाही. माझ्या रजिस्टरातली ती एकच नोंद मला चुकीची माहीत होती.

डिसेंबरपासून पहिल्या बेसची भानगड सुरू झाली. शारजाला उभा राहणारा फिटर व्हिसाच्या मेडिकलमध्ये नापास झाला, एक्स-रेत छातीवर डाग. आठवड्यात गावी. त्याच्या जागी आलेल्या पेंटरची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. तिसरा रजेवर गेला तो आलाच नाही. चौथा एके सकाळी कामगारांच्या कॅम्पमधून नाहीसा झाला, कपडे तसेच, पेटी तशीच. आमचा पीआरओ, व्हिसाची सरकारी कामं बघणारा, दर वेळी दारातून डोकावून तेच सांगायचा, "खलास मॅडम, इसका कॅन्सल लिख दो." मी पट्टी धरून लाल रेघ मारायची, तारीख टाकायची, खाली नवं नाव.

त्यात आणखी एक. घर ते शारजा नव्वद फूट हवं. मी स्वतः फीत लावून खुणेचा खिळा ठोकला होता. दर शुक्रवारी बेसची पिशवी खिळ्यापासून फूटभर पूर्वेला सापडायची. पाण्याचे टँकर तिथून वळायचे, चाकं लागत असणार, असं माझं मत. पण दुबई आणि सहार हलायचे नाहीत आणि टँकर त्यांच्यावरूनही जायचे.

"जागा कडक आसा," फोरमन म्हणाले. पन्नाशीचे, मालवणकडचे, सगळे त्यांना काका म्हणत. "आपण न सांगता येऊन बसलो. राखणदार असतोच प्रत्येक जागेला. त्याला गाऱ्हाणं घालायला हवं."

"काका, इथल्या राखणदाराक मालवणी येतली?" शॉर्टस्टॉपने विचारलं.

"इतकी वर्सां आपलेच येतत हय. शिकलो आसतलो."

गाऱ्हाणं म्हणजे जागेच्या देवाला मोठ्याने सांगणं, की आम्ही आलोय, आम्हाला सांभाळ. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. काकांची आठवण कच्ची, माणसं सारखी बदलणारी, म्हणून त्यांनी माझ्याकडे यादी मागितली. मी पासपोर्टच्या रजिस्टरावरून टाइप करून दिली. नारळ भिंतीच्या आडोशाला फोडला.

"बा जागेवाल्या महाराजा, ही रेव तुजी, ह्यो वारो तुजो. आमी पोटासाठी आयलंव. काय चुकलां असात तां पोटात घाल. आता नावां घेतंय, त्येंची राखण कर रे महाराजा."

"व्हय महाराजा."

मग एकेक नाव. ज्याचं नाव, तो "व्हय महाराजा" म्हणायचा. भावाचं नाव आलं, कॅचर अर्ध्या ठेक्याने उशिरा म्हणाला.

गाऱ्हाण्याने काही फरक पडला नाही. पुढच्या सीझनला शारजाचे दोन गेले, त्यातला एक नुसता बदली म्हणून सामनाभर उभा राहिलेला. त्यानंतर कोणी तिथे जाईना. नऊऐवजी आठ जण खेळायला लागलो आणि हरायला लागलो. एका शुक्रवारी कॅचरने मास्क काढून एका राखीव पोराच्या हातात दिला आणि चालत जाऊन पहिल्या बेसवर उभा राहिला.

मी वही घेऊन त्याच्याकडे गेले. "हे काय?"

"जागेक माजां नाव ठावक नाय, ताई. मग माका न्हेतली खयसून?" तो हसला. चेष्टेत बोलतोय असं मला वाटलं. मग दिसलं, की त्याने हे बरेच दिवस हिशोब करून ठरवलं होतं.

तो तिथे सहा सीझन उभा राहिला आणि त्याला काही झालं नाही. बाकी सगळी यादी फिरली. पिचर दोनदा बदलला. शॉर्टस्टॉप कंपनी सोडून मस्कतला गेला. बाहेरच्या तिघांत तर मला चेहरेही नीट आठवत नाहीत, कारण कंपनीचं काम आटत चाललं होतं आणि माणसं सहा-सहा महिन्यांच्या करारावर यायची. वहीत लाल रेघा इतक्या झाल्या की मी कागदाची बाजू बदलून निळ्या शाईने नवी यादी केली. नवीन पोरं त्याला हात लावून मगच बॅटिंगला जायची. त्याला सगळे 'शारजा' म्हणायला लागले. भावाचं नाव पासपोर्टवर, 'शारजा' मैदानावर. त्याच्या स्वतःच्या नावाने त्याला फक्त गावाहून पत्र यायचं, आईचं, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. तेही माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, माझ्या नावाच्या पाकिटात घालून, कारण कॅम्पमध्ये त्या नावाचा माणूस नव्हता.

त्या सहा वर्षांत तो एकदाही घरी गेला नाही. पासपोर्ट हाताने लिहिलेला जुना, विमानतळावर कोणी फोटो नीट पाहिला तर संपलं. दर वर्षी मी रजेच्या यादीत त्याचं नाव घालायची आणि दर वर्षी तो म्हणायचा, "पुढच्या वर्सा, इन्शाल्ला."

फेब्रुवारी २००२ मध्ये पत्र आलं ते आईचं नव्हतं, आईबद्दलचं होतं. भावाने लिहिलेलं. मी ते त्याला वर्कशॉपच्या गेटपाशी दिलं. वाचून त्याने चौकोनी घडी घातली.

"आयेचे दिवस पण होवन गेले," एवढंच म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी काकांचं शेवटचं गाऱ्हाणं होतं. त्यांचा करार संपला होता, बुधवारी विमान. मी यादी टाइप करून आणली होती. खेळाआधी कॅचर माझ्या खुर्चीपाशी आला.

"ताई, एकदा माजां नाव घेवा. आता हाक मारूक कोण रवलां नाय."

मी त्याला विचारायला हवं होतं, की तुझा तो हिशोब मग कुठे राहिला. विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आठ वर्षं एक चुकीची नोंद माझ्या हातून जात होती आणि दुरुस्तीची संधी आली होती. मी पेनाने भावाच्या नावावर रेघ मारली, वर त्याचं खरं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि सवयीने बाजूला सही केली.

काकांनी वाचलं. वाचता वाचता थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि ते नाव मोठ्याने घेतलं.

"व्हय महाराजा." ठेक्यावर. अगदी ठेक्यावर.

"ह्यो कोण नवीन?" पोरं हसली.

"घरचां नाव," तो म्हणाला आणि शारजाला जाऊन उभा राहिला. त्या दिवशी तो तीनदा घरी पोचला. वहीत आहे.

नऊ दिवसांनी, रविवारी, सकाळच्या हजेरीला तो आला नाही. खोलीतले म्हणाले, उठवला तर उठेना. डॉक्टरने हृदय लिहिलं. वय छत्तीस, म्हणजे भावाचं छत्तीस. त्याचं चौतीस.

हृदयाचा त्रास तसा बऱ्याच जणांना होता तिथे. उन्हात काम, झोप कमी, जेवण कसंही. माझा राखणदारावर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण ती यादी माझ्या अक्षरात आहे आणि खाली माझी सही आहे.

पीआरओ फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी बसला. "नाम बोलिए मॅडम. पासपोर्टवाला."

खरं नाव सांगितलं असतं तर चौकशी लागली असती, आणि तो महिनोन्महिने शवागारात राहिला असता. मी भावाचं नाव सांगितलं. सात फॉर्म होते, सातही मी भरले. पेटीवरही तेच नाव लागलं. सहारला पेटी घ्यायला भाऊ आला, आणि स्वतःच्याच नावाची पेटी घ्यायची म्हणून त्याला चुलत्याच्या नावाने सही करावी लागली.

गावाने त्याला ओळखलं, लोक त्याच्या खऱ्या नावाने रडले, त्याच नावाने त्याला जाळलं. कागदावर मात्र भाऊ मेला. रेशनकार्डावरून भावाचं नाव गेलं, मतदारयादीतून गेलं. कॅचर दोन्हीकडे जिवंत आहे.

पुढच्या वर्षी वर्कशॉप बंद झालं. थैली फिलिपिनो टीमला दिली, मास्कसकट. रजिस्टरं कंपनीने नेली, वही माझ्याकडे राहिली. तिच्यात पहिल्या बेसच्या ओळीवर शेवटची रेघ मारलेली नाही. रेघ नेमकी कुठल्या नावावर मारायची ते मला ठरवता आलं नाही.

भावाची मला तीन पत्रं आली आहेत. त्याला एकच कागद हवा आहे: शारजात वारलेला माणूस तो नव्हता, असं टाइमकीपर म्हणून माझं लेखी निवेदन. ते दिलं तर पासपोर्ट दुसऱ्याला दिल्याचा गुन्हा त्याच्यावर लागेल. न दिलं तर तो असाच मेलेला राहील, आणि घराची जमीन त्याच्या पोरांच्या नावे चढवताना दर वेळी त्याच्याच मृत्यूचा दाखला समोर येईल. वकिलाला विचारलं, तो म्हणाला दोन्ही खरं आहे. शेवटच्या पत्रात भावाने खाली लिहिलं होतं, "उत्तर माझ्या नावाने पाठवू नका, पोस्टमन 'मयत' लिहून परत करतो."

माझ्या कामांच्या वहीत 'बाकी' या पानावर आता एवढंच आहे. निवेदनाचे चार मसुदे केले, चारही फाइलमध्ये आहेत. पाकीट तयार आहे. गाव, तालुका, जिल्हा, पिन लिहून झालंय. नावाची ओळ अजून लिहायची आहे.