व्हेनिसमधला भरलेला टब

बायको सोमवारी वारली. व्हेनिसच्या सहलीची तिकिटं आधीच काढलेली होती. सोबत येणारे शेजारचे टेलर म्हणाले, "रद्द करू नका, मास्तर. वहिनी वरून शिव्या घालतील."

व्हेनिसमध्ये गल्लोगल्ली पाणी पाहून ते वैतागले. "ह्यांच्यात नळ बंद करायची पद्धतच न्हाई का?" तरी हॉटेलात शिरताच त्यांनी आंघोळीचा टब काठोकाठ भरला, मग कचऱ्याचा डबाही धुऊन भरला. "उद्या आलं न्हाई तं? मंग?" तीन दिवस आम्ही कॉफीच्या कपाने तेच पाणी अंगावर घेतलं. ती गेल्यापासून मी तिथे पहिल्यांदा हसलो.

आमच्या जुन्या जालन्यात नळ आठवड्याने येतो. पाणी भरायला मला ती उठवायची. आता टेलर दार बडवतात. घरात मी एकटा असतो. पिंप भरलेलं असतं.