उसातली होडी

बावड्याच्या शमशादनं चाळीस वर्षं गावाच्या पोलक्यांची मापं घेतली. त्यामुळं कोण किती फुगलंय, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आपल्याला कुणी नदी काढायला सांगेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बचत गटाच्या अध्यक्षीण द्वारकाबाईंनी ठरवलं, नव्या सभागृहाच्या भिंतीला भरतकामानं नीरा नदीचं चित्र भरलेला भलामोठा पडदा लावायचा. चित्र शमशादनं काढायचं, पट्ट्या अकराजणींनी भरायच्या आणि मग जोडायच्या.

शमशाद लगेच हो म्हणाली. त्यात तिचा स्वार्थ होता. तिचा बाप महंमद पूल होईस्तोवर नीरेवर होडी चालवायचा. पूल झाला, होडी सडली, बाप गेला. त्याचा साधा फोटोसुद्धा घरात नव्हता. म्हणून मधली पट्टी तिनं स्वतःकडं ठेवली आणि पलीकडच्या काठाला लागून बापाची होडी काढली. एवढी भिंतीवर राहू दे, बाकी तुमचे बंगले नि ट्रॅक्टर काय घालायचे ते घाला!

कागदाला टाचणीनं भोकं पाडून, वरनं निळीची पुरचुंडी फिरवून तिनं अकराही कापडांवर नदी उतरवली. कडांना खुणा केल्या.

"बायांनो, ह्या खुणांवरनं हलू नका."

"व्हय व्हय," सगळ्या म्हणाल्या.

पण नदी म्हटली की काठावर आपली मोटर आलीच. चित्रात वर पलीकडचं माळशिरस, खाली आपलं इंदापूरचं रान. गटातल्या राजेश्वरीनं मोटर भरली, तर पाइप फारच लांब दिसायला लागला. मग तिनं नदीच चार बोटं खाली ओढली. शेजारणीनं ते पाहिलं. हिच्या दाराशी पाणी, आणि आम्ही काय कोरड्या? तिनंही ओढली. बघता बघता दहाजणींनी अख्खी नदी इंदापूर तालुक्यात घेतली. जे पुढाऱ्यांना जमलं नाही ते सुईदोऱ्यानं झालं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी पट्ट्या मांडल्या. दहा पट्ट्यांची नदी एकमेकींना चपखल जुळली. मधलीच तेवढी चार बोटं वर.

"अगं शमशाद, तूच काढलीस आन् तूच चुकलीस?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"मी खुणंवरच हाय, बाई. तुमी सरकलाय."

"दहाजणी सरकल्या आन् तू एकटी शहाणी व्हय?"

बहुमत ते बहुमत! शमशादनं खाली नवी नदी भरली आणि जुनी उसवून तिथं ऊस भरला. महिनाभर खपून भरलेली होडी मात्र एका दिवसात हलवणं शक्य नव्हतं. ती राहिली उसात.

"तिला दोन चाकं लाव, गाडी हुईल," द्वारकाबाईंनी तोडगा काढला.

"होडीला हात लावला तर सगळा पडदा उसवीन!" जन्मात आवाज न चढवलेली शमशाद कडाडली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. होडी बघून म्हणाले, "उसानंच आपल्याला तारलं, हे केवढं मोठं प्रतीक!" टाळ्या पडल्या. द्वारकाबाई अशा लाजल्या, जणू कल्पना त्यांचीच. महंमदचं नाव कुणीच काढलं नाही.

मंडळी चहाला लागली, तसे नव्वदीचे कुंडलिकआबा काठी टेकत पडद्यापाशी आले. नाक घासेल इतक्या जवळून त्यांनी बघितलं.

"ही म्हंमदाची होडी नव्हं? उसात कशी गं?"

"होडी हाय तितंच हाय, आबा. नदी सरकली."

आबांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पूल नव्हता तेव्हा होडी पलीकडं असली की माणसं काठावरनं हाक मारायची. आबांनी तोंडाशी हात धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले,

"ए म्हंमदाऽऽ! आण की अल्याड!"

पाहुण्यांचा चहा बशीत सांडला. शमशादनं तोंडात पदर कोंबला, तरी रडू बाहेर आलंच. आणि बाप पल्याडहून द्यायचा तीच ओ तिच्या तोंडून निघाली,

"आलो आलोऽऽ! थांबा वाईच!"