जाड तेल

विलासचा फोन आला तेव्हा मी शाळेला निघायचं म्हणून गाडीत बसलेच होते. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलला तो. मी किल्ली फिरवली, पहिला गिअर मुकाट पडला आणि नेर गावाच्या या टोकाहून त्या टोकाला, दादाच्या दारात, पाच-सात मिनिटांत पोचले. ऐन पौषातली थंडी. तेवढ्या थंडीत माझी जुनी गाडी इतकी शहाण्यासारखी चालली, याचाच मला नंतर राग आला. महिना उलटला, पण अंगातला शीण काही जात नाही.

दादा माझा थोरला भाऊ. तीस वर्षं कापसाच्या गाठींचा ट्रक चालवला. घरी बसल्यावर माझी गाडी त्याने दत्तकच घेतली. गिअरबॉक्समधून घरघर येते म्हणून एका उन्हाळ्यात त्यानेच त्यात नवं तेल भरलं. घरघर थांबली, पण दिवाळी सरून थंडी पडली की गिअर हलेना. मी यवतमाळला शिकवते, आठच्या आत निघावं लागतं. तर हा रोज सातला मफलर गुंडाळून हजर. गाडी सुरू करून ठेवायचा, क्लच दोनदा दाबायचा, आधी दुसरा मग पहिला टाकून अंगणातच मागेपुढे करायचा. मग चहा आणि गावभरच्या गोष्टी. मी डबा भरता भरता हं हं करायची. घाई केली की म्हणायचा, "गाडीले जरा गरम तर होऊ दे, सुमे. म्हातारं माणूस उठल्या उठल्या धावते काय?" वहिनी गेल्यापासून तो जास्तच रेंगाळू लागला. त्याच्या घरात माणसं होती, पण बोलायला कुणाला सवड नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

गेल्या वर्षीच्या थंडीत मी वैतागले आणि गाडी यवतमाळच्या एका गॅरेजात टाकली. मेकॅनिकने गिअरबॉक्सचं तेल काढलं, बोटांवर चोळून पाहिलं आणि हसला. हे ट्रकचं जाड तेल आहे, थंडीत घट्ट होणारच, कुणी टाकलं म्हणाला. मी दादाचं नाव घेतलं नाही, पण मनातून मीही हसले. पातळ तेल पडलं आणि गिअर सुतासारखा सरळ झाला. दुसऱ्या दिवशी दादा आला तर मी मोठ्या तोऱ्यात गाडी काढून दाखवली. "आता तू कायले थंडीत येतं? काही अडत नाही." त्याने खिडकीतून हात घालून गिअरचा दांडा हलवून पाहिला.

"बरं झालं. मंग आता माह्यं काम नाही."

चहा न घेताच गेला. मला, देवाशपथ, सुटल्यासारखं वाटलं.

तेरवीला जेवणं आटोपल्यावर विलास सहज बोलून गेला, "यंदाच्या हिवाळ्यात बाबा रोज साडेसहाले उठून, मफलर बांधून ओट्यावर बसत. मी म्हणलं, जा ना आत्याकडं. तर म्हणत, गाडी दुरुस्त झाली तिची."

तीस वर्षं घाटातून ट्रक काढणाऱ्या माणसाला जाड तेल थंडीत घट्ट होतं हे ठाऊक नसेल? की ठाऊक होतं, आणि म्हणूनच... विचारायचं राहिलं. विचारून घेण्याइतकी मी त्याच्याजवळ बसलेच नाही कधी.

मागच्या शनिवारी त्याच गॅरेजात गेले आणि आधीचंच जाड तेल टाका म्हटलं. मेकॅनिक बघतच राहिला. उलट समजावू लागला, "म्याडम, सकाळी लय जड जाईन." जाऊ द्या, म्हटलं.

थंडी अजून सरली नाही. सातला गाडी सुरू करते आणि अंगणातच बसून राहते. क्लच दोनदा, आधी दुसरा, मग पहिला. लवकर पडत नाही. फाटकाकडे बघत थांबते. मनगट दुखतं, शाळेला उशीर होतो. होऊ दे.