तीन बाटल्या आणि एक केस

लेबलांवर माझा विश्वास नाही, कारण कित्येक वर्षं ती मीच चिकटवली आहेत. आम्ही सुरतेत बमरोलीच्या खोलीत राहत होतो तेव्हा मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घरी यायचे. लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, आत पुठ्ठा सरकवायचा, वर हसऱ्या बाईचा फोटो ठेवायचा आणि साडी खोक्यात भरायची. एकाच थानातल्या, म्हणजे एकाच ताग्यातल्या, साड्या तीन प्रकारच्या खोक्यांत जायच्या. एका खोक्यावर साधं नाव, दुसऱ्यावर सोनेरी वेलबुट्टी, तिसऱ्यावर मोठ्या अक्षरांत ‘सिल्क’. साडी तीच, चोख पॉलिएस्टर. पुढे कुणाच्या लग्नात एखादी बाई ‘माझी सिल्कची आहे’ म्हणून पदर सावरायला लागली, की मला आधी हसू यायचं आणि मग राग यायचा. तेव्हापासून वस्तू हातात आली की मी ती अंगठा आणि बोटात चोळून बघते. त्यावर काय लिहिलंय ते नंतर.

मुलासाठी मुलगी बघायला नंदुरबारला गेलो, तेव्हाही मी तेच केलं. मुलगी पोह्यांच्या बशा देऊन वळली आणि कमरेखाली गेलेली वेणी दिसली. आमच्यात मोठ्या बायका अशा वेळी वेणीला हात लावून बघतात. गंगावन, म्हणजे बाजारातली खोट्या केसांची वेणी, लावली नाही ना याची खात्री करतात. मी शेपटा हातात घेतला, बोटांत चोळला आणि सगळ्यांसमोर आमच्या अहिराणीत म्हणाले, “माल खरा शे.”

सगळे हसले. मुलगीही खाली बघून हसली. माझ्या तोंडून इतकं कौतुक सहसा निघत नाही, त्यामुळे मुलानं ओळखलं की लग्न ठरलं.

ती सून होऊन आमच्या कोसाडच्या फ्लॅटमध्ये आली. पहिलं वर्ष छान गेलं. रविवारी ती माझ्यापुढे पाट घेऊन बसायची, मी तिच्या डोक्याला तेल चोळायची, आणि आम्ही दोघी मिळून सोसायटीतल्या बायकांच्या नकला करायचो. मला मुलगी नाही. आमचे हे गेल्यापासून एकटी पडले होते, त्या रविवारांची मी वाट बघायची, हे इथं सांगून टाकते.

मग एका रविवारी ती म्हणाली, “आज नको मम्मी, डोकं दुखतंय.” पुढच्या रविवारी केस आधीच धुतलेले होते. त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसचं काम होतं. न्हाणीघरात तिला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला. माझ्यासमोर ती खाली वाकायची थांबली, कोपऱ्यातला केर काढायचा तर सरळ खाली बसायची. आणि या सगळ्यात केस मात्र आधीपेक्षा जास्त चमकायला लागले. तेल नाही, मालिश नाही आणि चमक वाढतेय. असा कपडा मी सुरतेत खूप बघितलाय. त्यामुळे माझं डोकं फिरायला लागलं.

त्यात माझा स्वतःचा अंबाडा तोवर सुपारीएवढा झाला होता. म्हणजे संशयात थोडी असूयाही होती.

न्हाणीघराच्या फळीवर तिची कंडिशनरची बाटली असायची. पार्लरमधून आणलेली, जड, झाकण सोनेरी. मी बाहेरून नखानं खूण केली. पुढे कित्येकदा तिनं केस धुतले, पण आतला माल खुणेपासून हलला नाही. म्हणजे ही बाटली दाखवायची होती. मग वापरायची कुठे होती? एके दिवशी ती कामावर गेल्यावर मी शोधायला लागले आणि माळ्यावर फिनाइलच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली दुसरी बाटली सापडली. तिच्या पुढच्या बाजूचं लेबल कुणीतरी खरवडून काढलं होतं. मागचं तसंच होतं. मागचं कोण वाचतंय, असं तिला वाटलं असणार. घरात कोण राहतं ते ती विसरली.

मला वाटलं, हेच ते गुपित. आपल्याला न देता हिनं लपवून ठेवलंय. मी त्यातलं वाटीभर काढलं आणि त्याच दुपारी माझ्या केसांना फासलं. केस वाळल्यावर आरशात बघितलं तर डोक्याला चापून बसले होते, गुळगुळीत आणि जड, खोक्यातून नुकत्याच काढलेल्या साडीसारखे. संध्याकाळपर्यंत त्यावर घरातली सगळी धूळ चिकटली. सुनेनं माझ्याकडे एकदा बघितलं, पटकन न्हाणीघराकडे बघितलं, आणि आत निघून गेली. मला ते खटकलं.

दुसऱ्या दिवशी मी तीन बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. माझी किराणा दुकानातली, तिची पार्लरची आणि ती माळ्यावरची. मागची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मी मोबाइलवर फोटो काढले आणि बोटांनी मोठे करून एकेक शब्द वाचायला घेतला.

तिन्हींत पहिलं नाव पाण्याचं. यात मला नवल वाटलं नाही. माझ्या आणि पार्लरच्या बाटलीत दुसरं नाव सेटोस्टेरिल अल्कोहोल. अल्कोहोल वाचून मी हादरले. खालच्या मेडिकलवाल्याला जाऊन विचारलं, तर तो हसून म्हणाला, ही दारू नाही काकी, मेणासारखा स्निग्ध पदार्थ असतो, त्यानंच ते दाट होतं. नावं जास्त मापापासून कमी मापाकडे लिहितात, हेही त्यानंच सांगितलं. घरी येऊन परत वाचायला बसले. केस मऊ करणारं एक लांबलचक नाव, ग्लिसरीन, डायमेथिकोन म्हणजे सिलिकॉन. दोन्हींत जवळपास तीच नावं त्याच रांगेत. पार्लरच्या बाटलीवर पुढे सोनेरी अक्षरांत रेशीम आणि बदाम छापले होते. मी ते मागे शोधत शोधत खाली गेले. सुगंधाच्याही खाली, पार तळाशी, बदामाचं तेल आणि रेशमाचं प्रोटीन सापडलं. मी एकटीच मोठ्यानं हसले. एक थान आणि दोन खोकी.

तिसऱ्या बाटलीच्या वेळी मात्र हसू आलं नाही. तिच्यात ते मेण नव्हतं, ग्लिसरीन नव्हतं, तळाशी नावापुरतंही तेल किंवा प्रोटीन नव्हतं. पाणी, सिलिकॉन, सॉफ्टनर, सुगंध आणि टिकवायचं औषध, संपलं. मी झाकण उघडून वास घेतला. सुगंधाच्या मागून आणखी एक वास आला आणि तो माझ्या ओळखीचा होता. आमचे हे मिलमध्ये कापडाच्या फिनिशिंगला होते. तिथला सॉफ्टनरचा रिकामा निळा ड्रम त्यांनी पाणी साठवायला घरी आणला होता, आता त्यात गच्चीवर कढीपत्ता लावलाय. कितीही धुतला तरी पहिलं वर्षभर त्याला हाच वास यायचा. पॉलिएस्टरला हात लावल्यावर मऊ वाटावं म्हणून वापरतात ते.

केसाला तेल लागतं, चरबी लागते. नुसता सॉफ्टनर लागतो तो धाग्याला. मग हे लावलं जातंय कशाला?

आमच्या धंद्यात शंका आली की धागा जाळून बघतात. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा, टणक मणी होतो. बाल्कनीत तिचा टॉवेल वाळत होता. त्यावरचा एक लांब केस मी चिमटीत धरला आणि गॅसच्या ज्योतीला लावला. केस जळल्याचा वास आला नाही. केस आक्रसला आणि टोकाला मणी धरला. मी तो बशीत ठेवला.

पहिला विचार आला तो वाईटच होता. आपल्याला फसवलं. मी नंदुरबारला फोन लावायला मोबाइल हातात घेतलासुद्धा. तेवढ्यात माझी बोटंच मला आडवी आली. खरा केस टोकाकडून मुळाकडे चोळला की बोटाला किंचित अडतो, खोटा दोन्हीकडे घसरतो. त्या दिवशी नंदुरबारला वेणी अडली होती. आणि वर्षभर मी त्याच डोक्याला तेल चोळलं होतं. केस खरेच होते. म्हणजे ते गेले ते इथं, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी बाटलीवर नखानं खुणा करत बसले होते.

मला रडू आलं. मग राग आला. मुलाला माहीत असणार, त्याच्याच मोबाइलवरून हे सामान मागवलं असणार. दोघांनी मिळून मला परकं केलं होतं.

संध्याकाळी ती ऑफिसमधून आली. टेबलावर तीन बाटल्या रांगेत होत्या आणि बशीत तो मणी. तिनं पर्स खाली ठेवली. मणी बघितल्यावर तिला काही विचारायची गरज पडली नाही, तीही आता सुरतेची झाली होती. ती खुर्चीवर बसली, डोक्याच्या मागे दोन्ही हात नेले, क्लिपा काढल्या आणि केसांचा तो जाड शेपटा माझ्यापुढे ठेवला. मग माझ्याकडे पाठ केली. मागे तळहाताएवढे दोन चट्टे होते, गुळगुळीत, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखे. उरलेले केस पातळ, मानेपर्यंत कापलेले.

“तुले काय व्हयनं?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“चाई,” ती म्हणाली. डॉक्टरकडे ती मुलासोबत जाऊन आली होती. औषध चालू होतं, बहुतेक परत येतील, पण वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले होते.

“माले काब्र नही सांगं?” मला का नाही सांगितलंस, असं मी जरा जोरातच विचारलं.

ती वळली नाही. भिंतीकडे बघत हळू म्हणाली, “तुम्हीच सांगेल व्हतं ना मम्मी, माल खरा शे. मंग मी कशी सांगू?”

मी ते कौतुकानं म्हटलं होतं. अजूनही तसंच म्हणेन. पण तिनं ते वाक्य वर्षभर डोक्यावर वागवलं होतं, आणि केस गेल्यावर तिला वाटलं की खोक्यातला माल बदलला, आता हे लोक परत करतील. मी तेलाची बाटली आणली. चट्ट्यांना तेल चालेल का, ते तिला विचारलं. नको म्हणाली, तिथं औषध लावते. मग मी उरलेल्या केसांना लावलं. रविवार नव्हता, तरी लावलं.

तो शेपटा ती चुकीचा धूत होती. गरम पाण्यानं धुवायची आणि वर तो सॉफ्टनर थापायची, म्हणून तो इतका खोटा चमकत होता. सिंथेटिक कसं धुवायचं ते मला विचारा. मी तो गच्चीवर नेला, थंड पाण्यात बुडवला, त्या बाटलीतलं बोटभर पाण्यात कालवलं आणि कढीपत्त्याच्या ड्रमाशेजारी सावलीत वाळत टाकला. शेजारच्या गुजराती बाई पापड घेऊन वर आल्या. त्यांच्या घरी लेसचं काम चालतं, त्यामुळे त्यांचा हात आधी पुढे आला, नजर नंतर.

“आ कोना वाळ छे?” हे केस कुणाचे, म्हणून त्यांनी विचारलं. जिन्यात सून धुण्याची बादली घेऊन उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

“मारा,” मी म्हणाले.

“तमारा तो धोळा छे.”

“एटले ज लाव्या,” मी सांगितलं. पांढरे आहेत म्हणूनच तर आणले.

त्यांनी माझ्या सुपारीएवढ्या अंबाड्याकडे बघितलं, मग शेपट्याकडे. खाली गेल्या आणि सोसायटीभर सांगायचं ते त्यांनी सांगितलं. नवरात्रात सोसायटीच्या चौकात आरतीला जमलो तेव्हा बायका माझ्या डोक्याकडे बघून कुजबुजत होत्या. सून माझ्या शेजारी होती, शेपटा मी स्वतः घट्ट बसवून दिला होता, तिला गरबा खेळायचा होता. प्रसाद घेताना कुणीतरी मागून माझा अंबाडा हळूच बोटांत चोळला. मी वळले. सुनेनं एक हात मागे आपल्या शेपट्यावर ठेवला.

“बघता काय,” मी म्हणाले. “खोटा माल आहे माझा.”

त्या हसल्या, पोटभर हसल्या. मग ढोल सुरू झाला आणि सून खेळायला गेली.