इम्प्युडंटचं स्पेलिंग

वंदना मॅडमनी क्लास सोडला नव्हता. त्यांना काढलं होतं.

आणि काढायच्या पत्रातला सगळ्यात वाईट शब्द मी पुरवला होता.

मॅडम आज सकाळी गेल्या. बिबवेवाडीच्या आमच्या स्पोकन इंग्लिश क्लासच्या ग्रुपवर सगळे हात जोडतायत. मीही जोडले. मग स्वतःचीच लाज वाटली, म्हणून हे लिहितोय.

आम्ही दोघं तिथे शिकवायचो. एकसारखे वाटणारे शब्द वेगळे करून सांगावेत ते मॅडमनीच.

"नो एंट्रीतून गाडी घालतो तो रेकलेस. वर आपल्यालाच 'दिसत नाही का?' विचारतो तो इम्प्युडंट."

बॅच हसायची.

"आणि मॅडम, ब्रेव्ह?"

"पाय लटपटतायत, तरी बोलते ती."

वर्ध्याकडच्या एक ताई बॅचला होत्या. एकदा क्लासच्या मालकांनी त्यांच्या उच्चारांची सगळ्यांसमोर नक्कल केली. ताई रडवेल्या झाल्या.

मॅडम उठल्या. आवाज कापत होता. "सर, त्यांची माफी मागा. आत्ता."

मी शेजारीच उभा होतो. काहीतरी अर्जंट आल्यासारखा मोबाइलमध्ये बघत राहिलो.

संध्याकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "बाईंना काढतोय. पत्र इंग्रजीत पाहिजे. बोल्ड लिहू का?"

"बोल्डमध्ये कौतुकही असतं, सर," मी म्हणालो.

"मग उद्धटला काय म्हणतात?"

मी सांगितलं. स्पेलिंगसकट.

खरं सांगू? अचूक शब्द सुचला म्हणून त्या क्षणी मला बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते पत्र माझ्यासमोर धरलं.

"सरांना 'रिसीव्ह' धड लिहिता येत नाही. हा शब्द तुमचा ना?"

मी "नाही" म्हणालो.

"बरं," म्हणाल्या. पत्राची घडी घातली आणि निघून गेल्या.

बॅचला मी सांगितलं की मॅडमना हडपसरला, घराजवळ, चांगली नोकरी मिळालीय. साफ खोटं. त्या वर्षभर घरी बसून होत्या.

"न सांगता गेल्या" म्हणून तुमच्यापैकी बरेच जण त्यांच्यावर रुसलात. फोनसुद्धा केला नाहीत. तो राग आता माझ्यावर काढा. खाली कमेंटमध्ये काढलात तरी चालेल, मी डिलीट करणार नाही.

मॅडम, तुम्ही विचारलंत तेव्हा "हो" म्हणायचं होतं. आज म्हणतोय, कारण आज तुम्ही समोर नाही. एवढीच माझी हिंमत.

शांतपणे जा.