लाल ठिपका

कॉलेजातले प्राध्यापक शिवरामला गमतीने 'अंधाराचा मालक' म्हणत, कारण सभागृहातले दिवे कधी घालवायचे हे तोच ठरवायचा. नेरूळला कॉलेज नवीनच निघालं होतं आणि महाडकडच्या खेड्यातून आलेला शिवराम तिथे हंगामी शिपाई होता. रेणवीय जीवशास्त्रातल्या नवख्या संशोधकांची विभागीय परिषद दरवर्षी तिथे भरायची. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं यायची, दहा मिनिटं बोलायची. ज्याचं बोलणं सरस ठरे त्याला मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षांची शिष्यवृत्ती. स्लाइड दाखवायचं काम शिवरामचं. विषयातलं ओ की ठो कळत नसे, पण तोरा असा की परिषद त्याच्याच जिवावर चाललीय.

१९८५ साली परभणीहून जयमाला आली. प्रोजेक्टरपाशी येऊन हळूच म्हणाली, "जय भीम, काका. कोपऱ्यातला लाल ठिपका अंगठ्याखाली धरून स्लाइड लावा हं." दिवसभरात त्याच्याशी माणसासारखं बोललेली ती एकटीच. आपल्या घरातलीच पोर बोलायला उभी राहतेय असं शिवरामला वाटलं, आणि त्याच हरखण्यात त्याने घोळ घातला.

स्लाइडवर भाताच्या दोन रोपांच्या डीएनएचे पट्टे होते. "डावीकडे निरोगी रोप, उजवीकडे रोगट. हा जाड पट्टा फक्त रोगट रोपात दिसतो," जयमाला लोकांकडे तोंड करून म्हणाली. पडद्यावर जाड पट्टा डावीकडे होता. चित्रात एक अक्षर नव्हतं, उलटं की सुलटं कोण ओळखणार? अध्यक्ष म्हणाले, "अहो, तो तर निरोगी रोपात दिसतोय. नमुन्यांच्या नळ्या बदलल्या वाटतं तुमच्या हातून?" लोक हसले. तिने वळून पाहिलं. "बदलल्या असतील," एवढंच म्हणाली आणि खाली उतरली.

चार वाजता स्लाइडी काढताना शिवराम जयमालाच्या स्लाइडपाशी थबकला. तिचा लाल ठिपका भलत्याच कोपऱ्यात होता. स्लाइड पाठमोरी लागली होती. पण त्याला नोकरीत पक्कं करण्याचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता. शिवराम घाबरला आणि गप्प बसला.

"मंग थितंच का नाय बोललात?" घरी सगळं ऐकून त्याच्या बायकोने, रखमाने विचारलं. त्याने ताट सरकवलं.

तो पक्का झाला. पेढे वाटले, स्वतःच्या तोंडात मात्र एक घातला नाही. पुढच्या वर्षी दिवे घालवले आणि पडद्याच्या उजव्या अंगाला जयमाला उभी दिसली. बोलत होता दुसराच कुणी, शिवरामला ऐकू येत होतं, 'बदलल्या असतील.' दिवे लावले की ती नाहीशी व्हायची. तो एकेक स्लाइड तीनतीनदा तपासू लागला, लोक खेकसू लागले. सत्त्याऐंशी साली एका मुलाने तोच जाड पट्टा दाखवला, रोगट रोपातला. टाळ्या पडल्या, शिष्यवृत्ती त्याला मिळाली. शिवरामला दिव्याचं बटण सापडेना.

एकोणनव्वद साली परभणीच्या एका पोराकडून कळलं, जयमाला महाप्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट आहे. शिवराम दुसऱ्याच दिवशी गेला आणि तिच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं.

ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "म्हणजे माझा हात चुकला नव्हता?"

"नाय पोरी. माझा चुकला."

"दुसऱ्याचं काम बिघडवीन म्हणून मी परत नळीला हात लावला नाही, काका." तिचे डोळे भरले, पण चेहरा उजळला होता. शिवरामला चार वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

'यंदा साफसफाई करताना' असं सांगायचं त्याने बसमध्ये ठरवलं होतं. तिच्याकडे बघून ते जिभेवर येईना.

"त्याच दिवशी. चार वाजता."

"माझी एसटी साडेसहाची होती," जयमाला म्हणाली. "तोवर मी तुमच्या कॉलेजच्या फाटकातच उभी होते."